तुटक रेघ

सेमिनरी हिल्सचं ऑफिस, मे महिना.
कूलरच्या ओल्या वाऱ्यात कागद उडू नये म्हणून
कोपऱ्यावर जेवणाचा डबा ठेवून
मी शहराचं पाणी काढते आहे.
चौकोन म्हणजे टाकी. चौकोन म्हणजे पंप.
बाण म्हणजे कोण कुणाला काय देतं,
आणि बाणावर क्रियापद हवंच.
नव्या पोरांना मी हेच सांगते:
नुसतं जोडू नका, नातं लिहा.

भरीव डायमंड: हा भाग त्या अख्ख्याशिवाय उरत नाही.
पोकळ डायमंड: उरतो. वेगळा काढला तरी तो तोच.
पंप आणि त्याच्या पोटातला पंखा, भरीव.
पंप आणि पंपघर,
यावर दोन मीटिंगा झाल्या.

हेडाऊ आले होते सहीसाठी.
तुळशीराम हेडाऊ, व्हॉल्व्हमन, गोळीबार चौक, तेहतीस वर्षं,
महिनाअखेर रिटायर.
चष्मा कपाळावर चढवून वाकले.
"नकाशा हाये का जी?"
"नाही. नकाशात अंतर असतं. यात फक्त नाती."
"मंग हा काडीपैलवान कोन?"
"तुम्ही."
"चौकटीच्या बाहेर काऊन उभं केलं मले?"

नियम आहे, मी म्हणाले.
माणूस सिस्टिमच्या बाहेर असतो.
तो मागतो, ती देते.
ते हसले नाहीत.
बारा नंबरच्या व्हॉल्व्हवर बोट ठेवलं.
"हा उलटा फिरते. कोनं बसवला देव जाने.
नऊ आटे. मंग थांबाचं.
पाइपाले कान लावाचा.
घरघर आली त हवा हाये, सोडून द्याची.
नाही त जुन्या लायनीचा जोड उखडते."

मी खुणांचं पुस्तक चाळलं.
उलट्यासाठी खूण नाही.
थांबण्यासाठी आहे, पण ती यंत्राच्या थांबण्याची.
कानासाठी काहीच नाही.

मग दुमडल्या कोपऱ्याची एक टीप काढली,
आत त्यांचं बोलणं, जसंच्या तसं,
आणि तिथून व्हॉल्व्हपर्यंत तुटक रेघ.
तुटक म्हणजे अवलंबून.
रिव्ह्यूत साहेब म्हणाले, "लावाचा? भाषा दुरुस्त करा."
मी "नऊ आटे" तेवढं ठळक केलं.

दोन जून, पहाटेचे चार.
फोनवर नवा मुलगा, प्रज्वल सहारे:
"मॅडम, कान लावला. काहीच ऐकू येत नाही."
त्याच्या मागून कुणीतरी दटावलं,
"थांब ना बे. आठच झाले."