मंडे मॉर्निंग

सांगायचं कसं, ह्यातच तीन रविवार गेले.
मुंढव्याच्या पुलाखाली जलपर्णी तशीच तुंबलेली,
गुंजाळ सर तसेच, शिट्टी दातात धरून:
"टाचा खाली, नजर वर, आणि बाई, पावलं मोजू नका,
पोल कुठं पळून जात नाही."
अकरा वर्षं मी मोजत होते.

चौथ्या रविवारी आधी मोबीनला सांगितलं.
तो सुपारीच्या खुरातून खडा काढत होता.
म्हणाला, "हां."
मग दुसरा खूर उचलला.
मला वाटलं होतं, विचारेल,
घोडं कुठं पेंड खातंय, आमचं काय चुकलं.
त्यानं फक्त आकडी माझ्या हातात दिली,
"मागचे दोन तुम्ही करा."

सरांपुढं मी गुडघा पुढं केला.
मागच्या वर्षीची पडझड, डॉक्टर, वय,
सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही कारण नव्हतं.
कारण इतकं लहान, की तोंडात धरवेना:
उडीच्या आधीची तीन पावलं
मला उडीपेक्षा आवडू लागली होती.
त्या तीन पावलांत घोडी ऐकत असते.
हवेत ती कुणाचंच ऐकत नाही.

"ड्रेसाज?" शब्द चघळून थुंकावा तसे सर म्हणाले,
"बसल्या जागी घामाघूम व्हायचं काम ते."
आणि माझ्या खोगिराचा तंग त्यांनी स्वतः सैल केला,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.

भूगावच्या पुढं, डाव्या हाताला.
चांदणी चौकात मी दोनदा चुकीच्या रॅम्पवर चढले,
एकदा थेट मुंबईच्या रस्त्याला लागले
आणि वाटलं, बरंच झालं.

तन्मयी केंजळे माझ्या मुलीएवढी.
अहो-जाहो करते, दयामाया करत नाही.
घोड्याचं नाव मंडे मॉर्निंग.
रेसकोर्सवर नऊदा धावला, नऊदा हरला,
आता त्याला कसलीच घाई नाही.

रिंगणाच्या कडेनं अक्षरं लावलेली,
ए, के, ई, एच, सी,
कुठल्याच बालवाडीत शिकवत नाहीत त्या क्रमानं.
"एचवरून तिरकं एफकडे. एक्सवर थांबायचं."
"एक्स कुठाय?"
"मधोमध. ते लिहिलेलं नसतं."

मी थांबते. मंडे मॉर्निंगचा डावा पाय मागंच राहतो.
"पुन्हा."
थांबते.
"पुन्हा."
नुसत्या चालीनं मांड्या थरथरतात.
एवढाल्या उड्या मारून आलेली मी,
मला उभं राहता येत नाही.

आणि कोपरा वळला की अंग आपोआप पुढं झुकतं,
हात आयाळीत जातात,
पोटात ती जुनी पोकळी उघडते.
समोर वाळू. वाळूत एक टिटवी.
घोडा बिचारा एक कान मागं वळवून विचारतो, काय आहे?
काही नाही रे. होतं.

दिवाळीच्या अलीकडं गाजरं घेऊन मुंढव्याला गेले.
खुंटीवर मार्करनं लिहिलेलं माझं नाव अजून आहे,
त्यावर कुणाचं तरी गुलाबी हेल्मेट, इवलंसं.
सुपारीनं माझी बाही हुंगली,
मनगटापासून कोपरापर्यंत, सावकाश,
कान पाडले, मान फिरवली.
गाजर मात्र खाल्लं.

"दुसऱ्याचा वास लागलाय," मोबीन म्हणाला.
म्हटलं, कपडे बदलून यायला हवं होतं.
"कशाला? कळू दे तिला."
मग बादली उचलता उचलता,
"कसा आहे तो? नीट चालतो?"

"चालतो. थांबत नाही नीट," मी म्हणाले,
"मागचा डावा राहतो."

मोबीननं बादली खाली ठेवली.
बराच वेळ काही बोलला नाही.
"नाल बघून घ्या एकदा," म्हणाला.