चेकिंग टेबल

एकवीस वर्षं मी टॉवेल तपासते.
काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर कापड,
कापडावर माझा डावा तळहात.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात माग इतके खडखडतात
की आम्ही तोंडानं कमी, बोटांनी जास्त बोलतो.

नवीन पोरीला वाटतं, खोट म्हणजे गाठ.
गाठ सापडली की खूश होते, खडूनं गोल काढते.
थांब गं, मी म्हणते, गाठ कुणालाही सापडते.
इथे बघ, लूप आत ओढले गेलेत.
इथे पोत बदललाय, जाड लागतोय.
ही कड चढलीये, कालच्या मालात नव्हती.
डाग तेलाचा की गंजाचा, वास घे.
आणि एखादा पीस नुसताच जड वाटतो हाताला,
का, ते सांगता येत नाही.
तोही बाजूला ठेव.

हे सगळं येत होतं मला.

नागमणी इराबत्ती, फोल्डिंगची. शेजारीच बसायची.
मार्चपासून म्हणत होती, उजवीकडे आग होते, लाल झालंय.
सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा,
घामोळं कुणाला येत नाही?
सासूनं सुपातली विडी खाली न ठेवता सांगितलं,
चंदन लाव, धन्याचं पाणी पी.
मोरीत नेऊन मी स्वतः चाचपलं तिला.
गाठ नाही की गं, म्हटलं.
मीच म्हटलं.
कातडीवर बारीक खळगे होते, संत्र्याच्या सालीसारखे.
असला पीस मी चालता चालता बाजूला काढला असता.

यंदा गड्ड्याच्या जत्रेत
तिच्या पोरीला पाळण्यात मी बसवलं.

मग दोन महिन्यांनी माझा बदामी ब्लाऊज.
आतून, डावीकडे, राईएवढा डाग.
हुकाचा गंज असेल, म्हणून घासला.
पुढच्या आठवड्यात पुन्हा, तिथेच.
हुक तिथे नसतातच.
अंबादास रात्रपाळीला गेल्यावर कपाटाच्या आरशासमोर
उभी राहिले. अंगावर काही न ठेवता
स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं.
हात वर केले.
उजवं बोंड समोर बघत होतं,
डावं आत वळलेलं,
जसं कुणी मागून धागा ओढून धरलाय.

सिव्हिलमध्ये डॉक्टरीण पोरसवदा, हिरेमठ आडनावाची.
दुखतं का?
नाही.
न दुखल्यामुळेच बायका उशिरा येतात, म्हणाली.
तीन बोटं सपाट ठेवून गोल गोल फिरवत गेली,
काखेपर्यंत, गळ्याच्या हाडापर्यंत,
घाई नाही, एक इंच सोडला नाही.
मनात आलं, हिला माल कळतो.
दहा जणी येतात, त्यातल्या बहुतेकींचं काही नसतं,
पण काही नाही हे तपासल्याशिवाय म्हणायचं नाही,
घरच्यांनी नाही, शेजारणीनं नाही.
शेजारणीनं म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती,
तरी मी मान खाली घातली.

तुकडा तपासायला गेलाय. रिपोर्ट गुरुवारी.

तोवर टेबल आहेच.
जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी चुरताना
सात जणींना सांगितलं. शरीराचे शब्द तोंडात येईनात,
म्हणून टॉवेल पुढे ओढला:
ओढलेलं, खळगा पडलेलं, जाड झालेलं,
रंग बदललेलं, डाग पडलेलं,
एक बाजू अचानक मोठी दिसणं,
आणि हो, गाठसुद्धा, काखेतलीही.
यल्लूबाई तेलुगूत काहीतरी चावट बोलली, सगळ्या हसल्या.

रिझवाना हसली नाही.
ओढणीखाली हात नेऊन म्हणाली, दीदी,
बोंडावर खवले पडल्यासारखं होतंय.
आठ महिने झाले. खाज आहे नुसती.
मी खोबरेल लावते.

यावेळी मी चाचपलं नाही.
काही नाही गं, असंही म्हटलं नाही.
गुरुवारी माझ्याबरोबर चल, म्हटलं,
सात वाजता, अशोक चौकात, शेअर रिक्षापाशी.
हजेरी बुडेल, म्हणाली.
बुडू दे.