दारापर्यंत किती पावलं

"हवेशीर दोन खोल्या, बारमाही पाणी,
बसस्टँड हाकेच्या अंतरावर."
हाक मारणारा कुठल्या गावचा, ते छापलं नव्हतं.
औसा रोडवरनं चालत निघाले,
बाभळीमागं कमान दिसली
तोवर बाटलीतलं पाणी संपलं होतं.
कमानीवर लिहिलेलं: ग्रीन व्हॅली.
खाली मुरमाची खदान,
आणि तिच्या काठाला धरून बसलेली सहा घरं.

पिग्मी गोळा करते मी. गंजगोलाईत, दुकान ते दुकान.
"उद्या या" म्हणजे काय, मला कळतं.
गल्ल्यात हात घालून माणूस वर बघत नसेल
तर तेही कळतं.
पण बिराजदार एजंट बोलायला लागले
की मी नवी नवरी होते, सगळ्याला मान डोलावते.

"शांत एरिया, ताई. पाखरू बोलंना."
खरंच बोलत नव्हतं, सकाळचे अकरा वाजले होते.
खिडकीच्या कठड्यावरनं बोट फिरवलं,
बोटाला पिवळं पीठ. तुरीचं भुस्कट.
"डाळमिल रात्री चालती का हो?"
बिराजदार मोबाईलवर कुणालातरी हॅलो म्हणाले,
मोबाईल वाजला नव्हता.

एका प्लॉटचा कागद उर्दूत निघाला.
खलील सरांनी चष्मा पुसला, दोनदा वाचला,
आणि दवाखान्याचा रिपोर्ट घालावा तशी
हळूच घडी घातली.
"मदतमाश आहे, बेटी. देणाऱ्याचीच नाही ती.
चहा घेऊन जा."

मग ते घर, जे मला आवडलं होतं.
बिराजदारांनी सगळे नळ एकदम सोडले.
"ऐका, ताई! ऐका नुसतं!"
मी ऐकत राहिले. लातूरच्या माणसाला
ह्या आवाजापुढं दुसरं काही सुचत नाही.
भिंतीपलीकडं एक बाई भांडी घासत होती,
राखेनं, तांब्याभर पाण्यात.
ती हळूच म्हणाली,
"रात्री टँकर आल्ता. तुम्ही येणार म्हणून.
गिऱ्हाईक यायचं असलं की
आम्हाला बी दोन घागरी सोडतेत."
आणि मी चप्पल घालताना:
"घेऊ नका, पण बघायला येत जावा."

सातव्या घराला आईला नेलं.
तिनं नळ बघितला नाही, ओटा बघितला नाही.
"पलंग कुठं टाकायचा?" एवढंच विचारलं.
तिथं उभी राहिली. डोळे मिटले.
अंधारात चालावं तसे हात पुढं धरून
दाराकडं निघाली, ओठ हलत होते.
नऊ.
उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "नऊ होतेत."

आमच्या जुन्या घरात अकरा होती.
मी पाच वर्षांची, आईच्या कडेवर.
थोरल्या भावाला ती अकरा फार झाली.
त्यानंतर आई कुठंही गेली, लग्नाच्या मांडवात,
दवाखान्यात, बँकेत,
की आधी दार बघते, मग माणसं.

मला वाटलं, बिराजदार आता हसतील,
किंवा वास्तूतलं काहीतरी सांगतील.
ते भिंतीजवळ गेले.
चावीनं कोपऱ्यातला गिलावा खरवडला,
फुंकर मारली.
"आमच्या घरी पाच हाएत, मावशी," म्हणाले.
"मोजूनच बांधलं."
आणि मग, माझ्याकडं न बघता:
"ह्याच्यात पट्टी घातलेली नाही.
नुसती विटंवर वीट हाय.
हे घेऊ नका."

मोटारसायकलला किक मारता मारता
त्यांचं कमिशन मी मनात मोजलं,
पिग्मीवाल्या बाईची खोड.
सत्तर हजार तरी असणार.

रविवारी त्यांचा फोन आला.
बार्शी रोडला एक आहे म्हणे,
दार पलंगाला लागूनच.
"पाणी नाही, ताई.
थेंब नाही. आधीच सांगून ठेवतो."

आई चपला शोधायला लागली.