दोन ठिपके

आयडाहोत, चॅलिसच्या दुकानात
लॉरेलनं दोन यंत्रं काउंटरवर ठेवली.
एकाला साधे सेल, कुठेही मिळणारे,
बटणं जाड, हातमोज्यातूनही कळतील अशी.
दुसरं देखणं, हलकं. "थंडीत मरेल," रॉइस म्हणाला.

"बोलायचं बटण दाबलंत," लॉरेल सांगत होती,
"की तुम्ही कुठे आहात ते जोडीदाराच्या पडद्यावर उमटतं."

तिथेच अडलं माझं.
एकतीस वर्षं मी त्याला सांगितलेलं नाही
एल्क पहाटे कुठे उतरतात ते:
जळक्या पाइनपलीकडची ती ओली कुरणपट्टी.
बायकोलाही नाही.

पण गेल्या नोव्हेंबरात
घोटा मोडून तो घळीत रात्रभर शिट्टी फुंकत राहिला
आणि मी भलत्याच डोंगराला हाका मारत होतो.

घेतली. जाड बटणांची. दोन.

पहिली पहाट. बर्फ करकरतोय.
मी कुरणाकडे निघालेला,
अंगठा बटणापासून लांब.
खरखर झाली.
"डेल्मर, हळू ये. वारा तुझ्या पाठीकडून आहे."
पडद्यावर त्याचा ठिपका
कुरणाच्या काठाशी,
माझ्याच ओंडक्यावर बसलेला.

"किती वर्षं?" मी विचारलं.
बराच वेळ नुसती खरखर.
"थर्मासात कॉफी आहे," तो म्हणाला.