पहिला कोणता पाहू

कनॅबच्या मोटेलात, चाव्यांच्या फळीखाली
व्हर्लीन ओटिस अजून कॅसेटी राखून आहे.
विचारलं, क्लेम रॅडिगनचा पहिला कोणता पाहू?

म्हणाली, तो गाजलेला नको,
त्यात तो आधीच पुतळा झालाय.
हा घे. यात त्याला नावही नाही.
दुसऱ्याचा घोडा धरून उभा, चार मिनिटं,
खरं तर घोड्यानंच त्याला धरलंय.
हात बघ त्याचे. कोरे आहेत.

मग वाळवंटातला.
त्यात कड्यावरून पडतो, तो माझा ड्वेन.
व्हर्लीननं चाव्या उगाच सरळ केल्या.
उठून धूळ झटकतो, तो क्लेम.
दोघांच्या मध्ये एक बरगडी मोडली,
ती पडद्यावर येत नाही.

शेवटचा मात्र शेवटीच पाहा.
शिडी लावून खोगिरावर चढवायचे त्याला,
शिडी काढली की कॅमेरा सुरू.
मधेच तो टेकडीकडे बघतो ना,
ते पटकथेत नव्हतं.
तिथे ड्वेन उभा होता, पंचावन्न वर्षांचा,
पडायची वेळ आलीच तर.

भाडं किती?
दोन डॉलर. आणि रिवाइंड करून आण,
चित्र चालू ठेवून.
तेवढाच तो धुळीतून उठून
उलटा वर जातो, कड्यावर.