छाट

पाटीवर लिहिलंय, तरी रोज कुणीतरी
गुडघ्याचा फोटो उजेडाकडे धरत आत येतं
आणि मला सांगावं लागतं : हाडांची डॉक्टर नव्हे मी.
हाड हाडाला भेटतं त्या फटीतलं भांडण
तेवढं माझ्याकडे.

बालमणी बिंगी, वय त्रेचाळीस,
विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून.
हात पदराखाली, उसने आणल्यासारखे.
सकाळी बोटं किती वेळ आखडतात?
तिनं घड्याळ सांगितलं नाही.
म्हणाली, पाचव्या दिवशी पहाटे चारला नळ येतो,
सगळ्या गल्लीचं भरून होतंय,
पाणी जातंय,
मग माझी मूठ मिटतीय.

मी लिहिलं : दीड तासाहून अधिक.

पेरं दाबून पाहिली. मधली सुजलेली, कोमट.
पूर्वी हजार व्हायच्या दिवसाला, आता चारशे.
पान कापायला कात्रीच धरवत नाही.
चूक कुणाची, याची यादी तिच्याकडे तयार होती :
गार पाणी, वांगं, बाळंतपणात चुकलेला शेक.

कारखान्यात चेकर असतो ना?
"आसतोय की ओ, मेला."
समज, त्याची नजर फिरली,
चांगल्या विड्याही छाटात टाकायला लागला.
तुझ्या अंगातला चेकर तसा झालाय.
"मग काढा की त्याला कामावरून."
नाही काढता येत.
तो नसेल तर साधी सर्दीही घरात घुसेल.
त्याचा हात धरायचा फक्त.

गोळी मंगळवारी, बाजाराच्या दिवशी.
रोज नाही. रोज नाही.
लेकीकडून तेलुगूतही म्हणवून घेतलं.

बाहेर बाकावर अजून तिघं.
यंत्रमागावरचा सव्वीस वर्षांचा पोरगा :
कंबर पहाटे लाकूड, मागावर उभा राहिला की सुटते;
विश्रांती घे म्हणाले सगळे, तिथंच बिघडलं.
गालांवर फुलपाखरू उमटलेली मुलगी,
तिला उन्हात जायचं नाही. सोलापुरात!
आणि एक सराफ, रात्रीतून अंगठा पेटलेला,
चादरींच्या गावात
पायावर चादर सोसेना.

तीन महिन्यांनी बालमणी आली.
मूठ?
"नळ असतानाच मिटतीय. शेवटची घागर मीच उचलली."
सहाशे होतात म्हणाली.
करंगळी वाकडीच होती. ती आता सरळ व्हायची नाही,
दोन वर्षं आधी यायला हवं होतंस,
हे कसं सांगावं म्हणून मी
कागदावर रक्ताच्या तपासण्या लिहीत राहिले.

तिनंच करंगळी टेबलावर ठेवली.
"ही छाट," म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."