बादली

सोमवार ते शुक्रवार मी सातारा स्टँडवर बोलतो:
मेढामार्गे महाबळेश्वर, फलाट क्रमांक चार.
कोरेगाव, रहिमतपूर, गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.
माझा आवाज असा कुणी ऐकत नाही,
आपल्या गावाचं नाव तेवढं ऐकतात
आणि पिशव्या उचलतात.

शनिवारी दुपारी गळ्यात स्कार्फ.
करड्या शर्टाचं खालून तिसरं बटण
दर वर्षी जरा जास्त रागावतं.
कालिंदी म्हणते, पगार नाही, भत्ता नाही,
दोरसुद्धा स्वतःच्या खिशातून आणता,
मिळतं काय?
मी म्हणतो, हो.
याहून बरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

बावीस पोरं, चार संघ.
गरुड संघाला सगळ्या गाठी येतात,
वाघ संघाला फक्त भूक लागते.
माझं खरं काम मोजण्याचं.
चढताना मोजतो, उतरताना मोजतो,
रात्री विजेरी हाताआड धरून
तंबूतंबूतले पाय मोजतो:
चव्वेचाळीस झाले की मी झोपायला मोकळा.

त्या डिसेंबरात कण्हेरच्या पाण्याकाठी
रात्री तीनला भरले बेचाळीस.

पुन्हा मोजले. बेचाळीस.
आणि पाणी इतकं जवळ,
की त्याचा वास माझ्या तोंडात आला.

त्याचं नाव इथे लिहीत नाही.
चुलीपाशी उभा होता, विझलेल्या,
राखेवर चादर धरून,
वाळेल म्हणून.
मला पाहून त्यानं सॅल्यूट केला.
तीन बोटं, ओल्या हाताची.

पुस्तिकेत ओढा कसा ओलांडावा ते आहे,
मुरगळलेल्या पायाला पट्टी कशी बांधावी, तेही आहे.
मी पानं आठवत राहिलो.
"थंडी आहे," म्हणालो.
"हो सर."
"चादर होती तिथे टाक आणि पड.
शिट्टीच्या आधी उठायचं नाही."
माझं ब्लँकेट त्यानं आधी घेतलं नाही. मग घेतलं.

साडेपाचला मी भरली बादली घेऊन
पोरांना उठवायला त्यांच्या तंबूत शिरलो
आणि दोराला अडखळलो.
दोर मीच ताणलेला,
कुठे आहे ते डोळे मिटून सांगितलं असतं.

मुलाणी किंचाळला. सपकाळ आईला हाक मारत उठला.
भिलारेची वही भिजली,
ती नंतर मी रात्री बसून उतरवून दिली,
त्याच्या अक्षरापेक्षा वाईट अक्षरात.
सगळ्यात मोठ्यानं तो ओरडला:
"काय हे सर!"

पाच चादरी करवंदीच्या जाळीवर.
कुठली कशानं ओली,
उन्हाला काही पडलेलं नव्हतं.

आठ वाजता झेंड्यासमोर नियम म्हटले.
पहिला: स्काऊट विश्वसनीय असतो.
मीही म्हटला,
फलाटावरच्या आवाजात.
लॉगबुकात लिहिलं: बादली सांडली.
पाच चादरी, एक वही.
चूक स्काऊटमास्तरची.
एवढं तरी खरंच होतं की नाही,
यावर मी अधूनमधून विचार करतो,
दोन गाड्यांच्या मध्ये.

आता मला बादली सर म्हणतात.
चौकशीच्या खिडकीतून हाक येते,
वाईच्या रांगेतली माणसं वळून बघतात.
शिबिराच्या यादीत ताट, वाटी, विजेरीच्या खाली
मी एक ओळ वाढवली आहे:
जादा चादर, सर्वांनी.
का, ते कुणी विचारलं नाही.

तो आता दहावीला आहे, उंच झालाय,
निरोपाला डावा हात पुढे करतो,
आमच्या रीतीप्रमाणे,
आणि माझ्याकडे न बघता लहान पोरांना दरडावतो:
"दोर बघून चाला रे!"

गुडघा थंडीत अजून ठणकतो.
कालिंदीनं एकदाच विचारलं,
दोर दिसला नव्हता का?
दिसला होता, म्हणालो.
तिनं तेलाची वाटी पुढे सरकवली
आणि टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.